थर्मोस्टॅट, बोअरचं पाणी आणि अण्णांची मारुती

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आठवडाभराची रजा टाकून जालन्याला गेलो होतो. अण्णांना (म्हणजे माझ्या वडिलांना) दर पंधरा दिवसांनी छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात न्यावं लागतं. साठेक किलोमीटरचा रस्ता. सकाळी आठचा नंबर लागायचा तर पहाटे सहाला घर सोडावं लागतं. माझी गाडी पुण्यातच होती, त्यामुळे अण्णांची मारुती ८०० काढली. १९९८ चं मॉडेल, एसीवालं, एमएच २१ पासिंग. तीन वेळा पासिंग रिन्यू करून अण्णांनी ती अजून जिवंत ठेवलेली आहे.

थंडी कडाक्याची होती. जालन्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना खरं वाटत नाही. मराठवाडा म्हणजे उन्हाळा, एवढंच त्यांना माहीत. बदनापूरच्या पुढे दोघांच्या श्वासाने समोरची काच आतून धुरकट झाली. मी हीटरचा नॉब लाल टोकापर्यंत सरकवला आणि ब्लोअर चार नंबरवर टाकला. आवाज भरपूर, पण हवा कोमट. कोमट कसली, गारच. अण्णांनी घोंगडी गुडघ्यावर ओढली, डॅशबोर्डवरचं फडकं उचललं आणि सवयीने काच पुसायला लागले.

"हीटर कधीपासून असा आहे, अण्णा?"

"असाच आहे तो. आपल्याकडं काय करायचं हीटरला?"

तेवढ्यात समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. धुरकट काचेतून तो मला दिसला तेव्हा फार उशीर झाला नव्हता, एवढंच सांगतो. पुढचे चाळीस किलोमीटर मी खिडकी अर्धी उघडी ठेवून गाडी चालवली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा शेजारी कुडकुडत बसले.

त्याच वेळी ठरवलं की हा हीटर दुरुस्त केल्याशिवाय पुण्याला परत जायचं नाही.

आता नमनाला घडाभर तेल झालं. विषयाकडे वळतो. दुरुस्ती शनिवार-रविवारात झाली, पण ती करताना 'हा हीटर असा का झाला' याचा माग काढत गेलो आणि एक वेगळाच इतिहास हाती लागला. तोच आज सांगायचा आहे.

हीटर म्हणजे फुकटची ऊब

आधी थोडं तंत्र. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे धुरातून जाते आणि उरलेली इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि परत येतं. म्हणजे गाडी ही मुळात चाकांवरची शेगडीच, आणि तिची बहुतेक ऊब आपण रस्त्यावर फेकून देतो.

हीटर या फेकलेल्या उबेतला थोडा हिस्सा आत घेतो. डॅशबोर्डखाली वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो. आपले मिस्त्री त्याला हीटर कॉइल म्हणतात. इंजिनाचं गरम पाणी दोन होज पाइपांतून त्यात येतं-जातं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. झालं. एवढा साधा प्रकार.

पण इथवर यायला माणसाला बरीच वर्षं लागली. सुरुवातीच्या मोटारी उघड्याच असायच्या. थंड देशांत लोक जाड कोट घालून, पायाशी कोळशाच्या निखाऱ्यांची पेटी ठेवून बसत. मोटारीच्या हीटरचा शोध शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स या बाईंनी १८९३ साली लावला, असं नेटवर ठिकठिकाणी वाचायला मिळतं. त्यांच्या नावावर त्या वर्षीचं 'कार हीटर'चं पेटंट आहे हे खरं. पण तेव्हा अमेरिकेत 'कार' म्हणजे रेल्वेचा नाहीतर ट्रामचा डबा! दुर्या बंधूंची पेट्रोलवर चालणारी गाडी स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर पहिल्यांदा धावली तीच मुळी १८९३ च्या सप्टेंबरात. एक शब्द अर्थ बदलतो आणि शंभर वर्षांनी त्यातून नवाच इतिहास तयार होतो. असो. बाईंचं श्रेय कमी होत नाही, फक्त ते रेल्वेच्या खात्यात जमा करायला हवं.

पुढे १९२० च्या दशकात फोर्डच्या मॉडेल ए सारख्या गाड्यांना धुराच्या गरम नळीभोवती पत्र्याचं आवरण घालून तिथली हवा आत घ्यायची सोय मिळू लागली. स्वस्त आणि मस्त, पण नळीला भोक पडलं की हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत. मग गरम पाण्यावरचे हीटर आले. १९३८ मध्ये अमेरिकेच्या नॅश कंपनीने 'वेदर आय' आणला. बाहेरची ताजी हवा घ्यायची, गाळायची, गरम पाण्याच्या कॉइलवरून न्यायची आणि आत सोडायची. आज तुमच्या-माझ्या गाडीत जे आहे त्याचा मूळपुरुष हाच.

थर्मोस्टॅट नावाचा दारवान

हीटर चांगला चालायचा तर पाणी गरम पाहिजे, हे उघड आहे. पण किती गरम? फार झालं तर इंजिन जातं. कमी राहिलं तर पेट्रोल नीट जळत नाही, ऑइल दाट राहतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. इंजिनाला आपल्या अंगासारखा स्वतःचा एक ताप हवा असतो.

त्यासाठी इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये एक झडप बसवतात, तो थर्मोस्टॅट. बोटभर लांबीचं हे यंत्र. आत पितळी डबीत मेण भरलेलं. पाणी गार असताना झडप बंद असते, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ऐंशी-ब्याऐंशी अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. ना वीज, ना सर्किट, ना सॉफ्टवेअर. मेणाची ही युक्ती सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात काढली आणि आजही कोट्यवधी गाड्यांत ती तशीच आहे. आमच्या धंद्यात एवढा टिकाऊ कोड लिहिलेला माणूस मला तरी माहीत नाही.

शनिवारी सकाळी मी गाडी अंगणात चालू करून ठेवली. वीस मिनिटं झाली तरी टेम्परेचरचा काटा खालच्या रेघेच्या वर जाईना. बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावला. इंजिन चालू केल्यापासून तो हळूहळू कोमट होत आला होता. थर्मोस्टॅट असता तर हा पाइप बराच वेळ गार राहून मग एकदम तापला असता.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर चार बोल्ट काढून घर उघडलं. आत काहीच नव्हतं. थर्मोस्टॅट खराब नव्हता, तो नव्हताच.

अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "ते मी काढायला लावलं होतं. २००३ च्या उन्हाळ्यात."

काढून टाका, गाडी गरम होत नाही

२००३ च्या मे महिन्यात एका लग्नाला जाताना गाडीने हीट घेतली होती. मलाही पुसटसं आठवतं. रस्त्यात बॉनेटमधून वाफा, आई कडेच्या बाभळीखाली, आणि अण्णा कुणाच्या तरी विहिरीवरून कळशीने पाणी आणताहेत. गावात आल्यावर मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून दाखवला, झडप बंद स्थितीत अडकलेली होती. ते म्हणाले, "साहब, ये अपने इधर काय को होना? निकाल देता मैं, फिर कभी गरम नहीं होती गाडी." आणि खरोखरच पुढची वीस-बावीस वर्षं गाडी कधी उकळली नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया टिपिकल होती. 'अडाणीपणा!' पण मग विचार करत बसलो, आणि जुन्या गाड्यांचा इतिहास आठवायला लागलो तसं मत बदलत गेलं.

आपल्याकडे १९५० ते १९८० च्या दशकांत गाड्या म्हणजे मुख्यतः दोनच. उत्तरपाड्याला बनणारी हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियरची फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी. पहिलीचं मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आणि दुसरीचं इटलीतल्या तुरीनच्या फियाट ११०० मध्ये. (प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये उभी करणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, हे जाता जाता.) दोन्ही गाड्यांची इंजिनं बर्फ पडणाऱ्या देशांत जन्मली. ती मराठवाड्यात आली तेव्हा इथे मे महिन्यात त्रेचाळीस अंश.

त्यात रेडिएटरमध्ये नुसतं पाणी. आज आपण हिरवं-गुलाबी कूलंट घालतो त्यातला मुख्य घटक एथिलीन ग्लायकॉल. अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या शेवटी ते मोटारींसाठी डबाबंद विकलं जाऊ लागलं, पण गोठण्यापासून बचाव म्हणून. आपल्याकडे गोठायची भीतीच नाही, तर ते घालायचं कशाला? ग्लायकॉलने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि त्यात मिसळलेल्या रसायनांमुळे गंज धरत नाही, हे फायदे इकडे फारसे कुणाच्या ध्यानात आले नाहीत. त्यामुळे कसाऱ्याच्या नाहीतर खंडाळ्याच्या घाटात चढणीवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचं दृश्य होतं. जीपच्या पुढे कापडी छागल टांगलेली असायची, तिच्यातलं पाणी आधी रेडिएटरला आणि उरलं तर माणसांना.

अशा परिस्थितीत थर्मोस्टॅट ही धोक्याची वस्तू होती. तो उघडा अडकला तर काहीच बिघडत नाही, पण बंद अडकला तर दहा मिनिटांत हेड गॅस्केट जातं. आणि बंद पडणार कुठे? पाचोडच्या माळावर भर दुपारी, जिथे पुढचं गॅरेज पन्नास किलोमीटरवर. स्पेअर पार्ट मिळायला आठवडे. मग मिस्त्रींनी हिशोब केला. ठेवला तर कधीतरी इंजिन जाईल, काढला तर लिटरमागे थोडं पेट्रोल जास्त जाईल. ते जास्तीचं पेट्रोल आणि इंजिनाची हळूहळू होणारी झीज कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आणि थर्मोस्टॅट नसल्याची एकमेव लगेच कळणारी खूण म्हणजे गार हीटर. तोच जर कुणी वापरत नसेल, तर तक्रार करणार कोण?

म्हणजे तो अडाणीपणा नव्हता. त्या काळासाठी ते बरोबर उत्तर होतं. घोटाळा पुढे झाला. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मिळाली आणि आपल्याकडच्या गाडीची जातच बदलली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पुढे विजेवर चालणारा फॅन, जो गरज असेल तेव्हाच फिरतो. पुढे कूलंट कुठल्याही दुकानात मिळू लागलं, थर्मोस्टॅट काही शे रुपयांत. कारण संपलं, पण रीत उरली. उस्तादाने शागिर्दाला शिकवलं, शागिर्दाने पुढच्या पोराला. 'का' हा भाग मध्येच कुठेतरी गळाला. आमच्याकडेही हेच होतं. रात्री दोनला कुणीतरी कामचलाऊ म्हणून एक ओळ उडवतो, कॉमेंट लिहीत नाही, आणि वीस वर्षांनी सगळी सिस्टिम त्या गैरहजर ओळीवर उभी असते :-)

आपला हीटर कुठे होता?

मग आपले लोक थंडीत काय करत होते? उत्तर सोपं आहे. बहुतेक लोक मोटारीत नव्हतेच, एसटीत होते.

जालना निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. आपली एसटी त्यानंतरची, १ जून १९४८ ची, पुणे-अहमदनगर. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे इकडची वाहतूकही एसटीत मिसळली. जुन्या लाल गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं मोठं बॉनेट आतच असायचं. उन्हाळ्यात तिकडे कुणी फिरकत नसे. पण पौषातल्या पहाटेच्या पहिल्या गाडीला त्या बॉनेटवर बसायला भांडणं लागत. म्हाताऱ्या बायका लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन त्यावर मांडी घालून बसत आणि ड्रायव्हर एका बाजूने ओरडत, "मावशी, गिअरवरचा पाय काढा!" मार्गारेट विल्कॉक्सबाईंना जे करायचं होतं ते आमच्या एसटीने कुठलंही पेटंट न घेता केलं होतं.

बोअरचं पाणी

आता दुरुस्तीकडे परत. नवा थर्मोस्टॅट आणि पॅकिंग आणून बसवलं. काटा बारा मिनिटांत मध्यावर आला. मी खूश. हीटर लावला. हवा जरा बरी, पण अजून कोमटच.

हीटरचे दोन्ही होज हाताने चाचपून पाहिले. आत जाणारा चटका बसेल इतका गरम, बाहेर येणारा जेमतेम कोमट. हीटर कॉक उघडत होता, केबलही ठीक होती. म्हणजे पाणी कॉइलमध्ये जात होतं, पण धड फिरत नव्हतं. कॉइल चोकअप.

इंजिन गार करून दोन्ही होज काढले आणि बागेच्या नळीने उलट्या बाजूने, अगदी हलक्या दाबाने पाणी सोडलं. आधी काहीच नाही. मग लाल-तपकिरी गढूळ पाणी आणि त्यात पांढरे पापुद्रे. एक पापुद्रा अण्णांनी हातात घेतला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "हे तर आपल्या बंबात निघतं तेच."

अगदी तेच! जालन्याच्या खाली सगळा बेसाल्ट, म्हणजे दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे. त्यातून झिरपून बोअरला येणारं पाणी जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट तापले की न विरघळणारे कार्बोनेट होऊन भांड्याला चिकटतात. बंबात चिकटतात तसे हीटर कॉइलच्या बारीक नळ्यांतही.

आणि बोअरचंच पाणी का? कारण नळाला पाणी नसायचं. जालन्याला निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावातून पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाणी येत असे. शहर वाढलं, तलावात गाळ भरला. २०१२-१३ च्या दुष्काळात तर पिण्यालाही टँकर होते. त्या काळात आमच्या गल्लीत नळ महिन्यात दोनदा यायचा. ते पाणी माठात जायचं, गाडीत नाही. गाडीला बोअरचं. आणि थर्मोस्टॅट काढल्यावर 'आता गाडी गरम होत नाही' म्हणून कूलंट घालायचंही बंद झालं होतं.

रेडिएटरमध्ये दर रविवारी बाटलीने पाणी टॉपअप करायचं काम कॉलेजात असताना माझंच होतं. म्हणजे हा पांढरा थर बऱ्याच अंशी मीच भरला आहे.

कॉइलमध्ये कोमट पाण्यात कालवलेलं लिंबूसत्व भरून अर्धा तास ठेवलं, साफ केलं, पुन्हा भरलं. तीनदा. (जास्त तीव्र करू नका आणि रात्रभर ठेवू नका, जुन्या कॉइलला भोक पडू शकतं. अ‍ॅल्युमिनियमची कॉइल असेल तर आणखी जपून.) शेवटी पाणी स्वच्छ यायला लागलं. मग बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि निम्मं कूलंट, निम्मं ते पाणी असं भरलं. हीटर पूर्ण उघडा ठेवून, रेडिएटरचं झाकण न लावता गाडी चालू केली, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. हे झाकण गार इंजिनावरच काढायचं, तापलेल्यावर कधीही नाही.

रविवारी संध्याकाळी हीटरच्या जाळीसमोर हात धरवेना.

सळई

एवढी उठाठेव या गाडीसाठी कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मीही अण्णांना म्हणालो होतो, की आता स्क्रॅप करू, नवी घेऊ. अण्णा म्हणाले, "दे की. लांब नाही जायची ती. इथंच एमआयडीसीत वितळून सळई होईल तिची."

त्यांचं बरोबर आहे. जालन्याच्या भट्ट्यांत देशभरातलं भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होऊन कुणाकुणाच्या घरांत जातात. सोळाशे अंशांना लोखंड वितळवणाऱ्या गावात एका म्हाताऱ्या माणसाच्या पायांना पहाटे ऊब मिळत नव्हती, आणि त्याचं कारण एक बोटभर मेणाची डबी आणि मी ओतलेलं पाणी होतं.

दुरुस्ती झाल्यावर सोमवारी पहाटे पुन्हा निघालो. बदनापूर येईपर्यंत काच स्वच्छ होती. अण्णांनी घोंगडी काढून मागच्या सीटवर टाकली. फडकं डॅशबोर्डवर तसंच होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या मिस्त्रीला काही बोलू नको हं. त्यानं गाडी वाचवली होती."

बोललो नाही. उलट येताना त्यांच्या गॅरेजवर थांबलो आणि थर्मोस्टॅट परत बसवल्याचं सांगितलं. चाचांनी वाकून काटा बघितला, पाइपाला हात लावला, हसले. "अच्छा किया बेटा. अब पानी नहीं, कूलंटइच डालना."

एवढं बोलून त्यांनी शेजारी उभ्या पोराला हाक मारली आणि थर्मोस्टॅट का काढायचे आणि आता का ठेवायचा, हे त्याला सांगायला लागले. मी चहा संपेपर्यंत ऐकत उभा राहिलो.